मेस्त्रींची बॅटरी आणि किणींची होडी

बोरिवलीचे लवू मेस्त्री डॉक्टरांचं अर्धंच ऐकत. उरलेलं अर्धं ते जिना उतरताना स्वतः तयार करत.

त्या दिवशी डॉक्टर म्हणाले होते, "मेस्त्री, तुमच्या मशीनची बॅटरी संपत आलीय. अजून तीन-चार महिने आरामात जातील, घाबरायचं कारण नाही. पण नवी बसवायचा फॉर्म आत्ताच भरून टाका. आणि हो, मशीन स्वतःच्या मनाने बंद-चालू करत बसू नका."

यातलं मेस्त्रींच्या कानात शिरलं ते 'संपत आलीय' एवढंच.

हे मशीन मेस्त्रींच्या खिशात नव्हतं, छातीत होतं. उजव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, साबणाच्या छोट्या वडीएवढी डबी. तिच्यातून निघालेली तार मानेतून वर जाऊन थेट मेंदूत पोचलेली. चार वर्षांपूर्वी कंपवाताने मेस्त्रींचा हात असा थरथरायचा, की चहा कपापेक्षा बशीत जास्त आणि बशीपेक्षा सदऱ्यावर जास्त. ऑपरेशन झालं, डबी चालू केली, आणि डॉक्टरांच्या टेबलावर समोरच्या कागदावर मेस्त्रींनी स्वतःचं नाव लिहिलं. लिहून झाल्यावर त्यांनी ते नाव बराच वेळ पाहिलं. त्यांची बायको शेवंतीबाई रडल्या. मेस्त्री म्हणाले, "मेस्त्रीतली वेलांटी जरा आखूड झाली."

कारण मेस्त्री हे नुसते हातवाले गृहस्थ नव्हते, अक्षरवाले होते. एकतीस वर्षं ते बसच्या आगारात पेंटर होते. बसच्या कपाळावरच्या पाट्या त्यांनी रंगवल्या: आरे कॉलनी, जुहू, मुलुंड, घाटकोपर. तेव्हा मेस्त्रींचं अक्षर रोज सकाळी उपनगरभर फिरायला निघत असे आणि संध्याकाळी धूळ खाऊन घरी येत असे. सुट्टीच्या दिवशी शेवंतीबाईंबरोबर कुठे जायचं असलं, तर मेस्त्री थांब्यावर उभे राहून पहिली बस मुद्दाम सोडत. आत जागा असली तरी सोडत. बस लांबून येताना पाटी कशी दिसते ते त्यांना बघायचं असे. मग पाट्यांच्या जागी दिव्यांचे आकडे आणि नावं पळायला लागली, मेस्त्री निवृत्त झाले, आणि पाठोपाठ हातही. आता कुठल्या बसकडे ते मान वर करून बघत नसत.

तर, बॅटरी. इमारतीच्या फाटकाशी पोचेपर्यंत ही बातमी मेस्त्रींच्या आधीच तिथे पोचली होती, कारण शेवंतीबाईंनी रिक्षातून फोनवर बहिणीला सांगितलं होतं, आणि शेवंतीबाईंचा फोनवरचा आवाज हा फोनशिवायही गावाला पोचेल असा.

पहिल्यांदा वॉचमनने 'एरोप्लेन मोड' सुचवला. मग तिसऱ्या मजल्यावरची दर्शना जिन्यात भेटली.

"काका, त्यात बॅटरी सेव्हर असेल ना! ब्राइटनेस कमी करून टाका."

"कसला ब्राइटनेस? माझ्या डोक्याचा?"

"तसं नाही हो काका," दर्शना म्हणाली, पण तिला तसंच म्हणायचं होतं.

खरा घात मात्र खालच्या मजल्यावरच्या कुंडलिक धुरींनी केला. धुरी टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये अठ्ठावीस वर्षं होते आणि बॅटरी या विषयावर कुणी दुसऱ्याने बोलणं त्यांना खपत नसे. ते वर आले, खुर्ची ओढून बसले, मेस्त्रींच्या छातीकडे बिघडलेल्या केबलकडे बघावं तसं पाहिलं आणि विचारलं, "दिवसभर चालू ठेवता?"

"म्हणजे? चालूच असते ती."

"झोपताना? पेपर वाचताना? नुसते बसलेले असताना?"

"हो."

धुरींनी कपाळाला हात लावला. "मेस्त्री, रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवाल काय? लागेल तेव्हा चालू, नको तेव्हा बंद. सहा महिने काढून दाखवतो तुमची बॅटरी."

मेस्त्रींना हे तत्काळ पटलं. दुसऱ्याच दिवशी गोराईहून अल्फान्सोचा फोन आला नसता, तर कदाचित ते पटून तिथेच विरलंही असतं.

अल्फान्सो किणी हा आगारातला ड्रायव्हर. मेस्त्रींनी रंगवलेली पाटी डोक्यावर घेऊन त्याने पंचवीस वर्षं बस हाकली. आता गोराई गावठाणात राहायचा, घरची होडी सांभाळायचा. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको ग्रेस गेली, तेव्हापासून त्याचे फोन कमी झाले होते.

"लवू, नवी होडी बांधलीय रे. पुढच्या रविवारी फादर येतात आशीर्वाद द्यायला."

"झकास! नाव काय ठेवतोस?"

"आता अजून काय ठेवणार. 'आमची ग्रेस'. नितेश बोलतो स्टिकर लावू, अर्ध्या तासाचं काम. पोरगा माझाच आहे, पण त्याला काय कळतं? मी बोललो, नाव लिहील तर लवू लिहील. येशील ना? हात बरा आहे ना तुझा?"

"एकदम बरा," मेस्त्री म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांनी हात समोर धरून पाहिला. हात गप्प होता. पण रविवारपर्यंत?

जुन्या होडीवर त्यांनीच लिहिलं होतं. सत्त्याऐंशी साल. ग्रेस तेव्हा नवी नवरी. रंग ओला असताना वाळू उडून बसेल म्हणून ती छत्री आडवी धरून दुपारभर होडीजवळ उभी राहिली होती आणि सारखी म्हणत होती, "भाऊजी, माजा नाव एवढा मोठा कशाला काढता? लोकांना वाटेल बाई केवढी जाडी हाय!" मग तिने बोंबलाचं कालवण आणि भाकरी वाढली. मेस्त्रींनी आयुष्यात शेकड्यांनी पाट्या लिहिल्या. जिच्याबद्दल कुणी जेवायला वाढलं अशी ही एकच.

त्यांनी ठरवलं: रविवारपर्यंत बॅटरी जपायची. थेंब थेंब जपायची.

मशीनला एक रिमोट होता, तो छातीशी धरून बटण दाबायचं. मेस्त्रींनी तो लेंग्याच्या खिशात ठेवला आणि धुरींची योजना चालू झाली. पेपर वाचताना बंद. पण बंद केल्यावर पाच मिनिटांत हात असा सुटायचा, की बातमीची ओळ डोळ्यांपुढून पळायची. म्हणजे पेपरही बंद. मग नुसतं बसायचं. नुसतं बसून मेस्त्रींना इतकं काही आठवायला लागलं, की त्यांना वाटलं, याने बॅटरी जास्तच खर्च होत असणार.

एकदा मालिकेच्या ऐन मध्यावर त्यांनी मशीन चालू करायला रिमोट छातीला लावून बटण दाबलं, तर टीव्ही बंद झाला आणि मेस्त्री तसेच हलत राहिले. रिमोट टीव्हीचा होता. एकदा बंद अवस्थेत भाजी आणायला निघाले, तर पहिल्या मजल्याच्या वळणावर पाय जमिनीला चिकटले ते निघेचनात. तेवढ्यात दर्शना खाली उतरत होती. काका आपल्यासाठीच थांबलेत असं वाटून ती पंधरा मिनिटं स्वतःच्या नोकरीबद्दल बोलली. प्रतिष्ठित माणसाने 'मला पाऊल उचलता येत नाही' असं सांगायचं नसतं, म्हणून मेस्त्रींनी तिला राजीनामा न देण्याचा सल्ला दिला आणि ती गेल्यावर खिशातला रिमोट छातीला लावून बटण दाबलं.

कुंडलिक धुरी प्रगती बघायला आले तेव्हा योजनेचा खरा फायदा त्यांनाच झाला. मेस्त्रींनी बंद हाताने चहा पुढे केला आणि तो सगळा धुरींच्या पांढऱ्या लेंग्यावर गेला.

"बॅटरी वाचतेय, हे महत्त्वाचं," धुरी लेंगा झटकत म्हणाले. पण पुन्हा आले नाहीत.

शेवंतीबाईंचा संयम बुधवारी संपला. घरात त्या मालवणीतच भांडत. "तुमका काय झालाहा? आयुष्यभर पैशाची काटकसर केल्यात, ती मी सोसलय. आता स्वतःच्या मेंदूची पण काटकसर?"

"रविवारपर्यंतच गो."

"आणि रविवारी पडलात तर? होडीवर नाव कोण लिवतलो, मी?"

मेस्त्रींनी उत्तर दिलं नाही, कारण तेव्हा मशीन बंद होतं आणि जबडाही जरा आखडला होता. भांडणात हरण्याचं हे नवं कारण त्यांना मिळालं.

गुरुवारी दोघं फॉर्म भरायला अंधेरीला गेले. निवृत्त कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय मदतीचं कार्यालय एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट होती, पण तिच्यावर 'बंद' अशी पाटी होती. पाटी कुणीतरी स्केचपेनने लिहिली होती आणि 'बं'वरचा अनुस्वार 'द'वर गेला होता. मेस्त्रींना ते जिना चढण्यापेक्षा जास्त लागलं. कार्यालयात शोभा नको म्हणून शेवंतीबाईंनी त्यांना मशीन चालू ठेवायला लावलं होतं.

खिडकीत मनाली नावाची तरुण बाई होती. तिने फॉर्म पाहिला, फाइल काढली, पुन्हा फॉर्म पाहिला.

"आजोबा, ही सही कोणी केली?"

"मी. तुमच्यासमोर केली."

"रेकॉर्डवर वेगळी आहे." तिने फाइल फिरवून दाखवली. पाच वर्षांपूर्वी, आजार भरात असताना, मेस्त्रींनी इथे नमुना सही दिली होती. नमुना कसला, कागदावर कोळी शाई पिऊन नाचलेला. "ही सही जुळत नाही."

"बाई, तेव्हा हात थरथरायचा. आता सुधारलाय."

"सही सुधारत नाही हो कोणाची. बिघडते. बिघडलेली असती तर साहेबांनी चालवून घेतली असती."

"म्हणजे माझी सही चांगली आहे म्हणून चालत नाही?"

"मला वाचता येतेय ना, तोच प्रॉब्लेम आहे. रेकॉर्डसारखी पाहिजे, नाहीतर मग नोटरी, दोन साक्षीदार, जुन्या कार्यालयाचं पत्र, आणि नवीन नमुन्याचा अर्ज. तो फॉर्म सध्या संपलाय."

मेस्त्रींची कानशिलं तापली. ज्या माणसाच्या अक्षरावर विश्वास ठेवून अर्धी मुंबई एकतीस वर्षं बसमध्ये चढली, तो आज स्वतःच्याच नावाची नक्कल करणारा ठरला होता. ते ताठ झाले, आणि ठसक्यात म्हणाले, "रेकॉर्डवरची पाहिजे? देतो. पाच मिनिटं थांबा."

"अवो, नको हां," शेवंतीबाई म्हणाल्या. पण मेस्त्रींनी रिमोट काढला, छातीला लावला, बटण दाबलं आणि बाकावर हाताची घडी घालून बसले. मनाली खिडकीतून बघत होती. मागच्या टेबलावरचे दोघंही बघायला लागले. तिसऱ्या मिनिटाला करंगळी हलली. चौथ्याला मनगट. सहाव्याला मेस्त्री उठले, पेन दोन्ही हातांनी धरलं आणि फॉर्मवर कोळी नाचवला.

मनालीने दोन्ही कोळी शेजारी धरले. "जुळते," ती हळूच म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचा कार्यालयीन भाव कुठेतरी गेला होता. "आजोबा, हे असं... आता पुन्हा चालू करा ना ते."

मेस्त्रींनी रिमोट छातीला लावला. बटण दाबलं. पुन्हा दाबलं. रिमोटचा पडदा काळा ठिक्कर होता.

आठवडाभर दिवसातून वीस-वीस वेळा बंद-चालू करून मेस्त्रींनी छातीतली बॅटरी वाचवली होती आणि रिमोटमधले सेल संपवले होते.

पुढची पाच मिनिटं मेस्त्रींना नंतर कधी आठवायला आवडली नाहीत. हात चालू होते, पाय बंद झाले. बाकावरून उठता येईना. कोणीतरी पाणी आणलं, ते सांडलं. कोणीतरी विचारलं, "अँब्युलन्स?" मेस्त्रींना बोलायचं होतं की मी ठीक आहे, मला फक्त सेल पाहिजेत, पण तोंडातून 'स' निघाला आणि तिथेच अडकला.

शेवंतीबाई मात्र अडकल्या नाहीत. त्यांनी रिमोट उघडून पाहिला. "दोन पेन्सिल सेल. खय आसत हयसर?" आणि कोणी उत्तर द्यायच्या आत त्यांची नजर भिंतीवर गेली. सत्तरीच्या शेवंतीबाई पदर खोचून सरकारी स्टुलावर चढल्या आणि त्यांनी भिंतीवरचं घड्याळ काढलं.

"अहो बाई, ते ऑफिसचं आहे!" आतून साहेब धावत आले.

"माझो घोव पण ऑफिसचोच आसा," शेवंतीबाई नवऱ्याकडे मानेने खूण करत, घड्याळातून सेल उपटत म्हणाल्या. "एकतीस वर्षं तुमच्याकडेच होतो. दुसरो सेल द्या."

दुसरा सेल मनालीने दिला. तो तिने साहेबांच्या एसीच्या रिमोटमधून काढला, साहेबांच्या देखत.

सेल बसले, पडदा उजळला, शेवंतीबाईंनी स्वतः रिमोट मेस्त्रींच्या छातीला लावून बटण दाबलं. अर्ध्या मिनिटात करंगळी थांबली, मग मनगट. वादळ गेल्यावर फांद्या हळूहळू स्थिर होतात तसे मेस्त्री स्थिर झाले. घड्याळ एक वाजून दहा मिनिटांवर थांबलं होतं, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत, त्यामुळे कामाचं कुणाला काही वाटेना.

मेस्त्रींची मान खाली होती. जे जगापासून चार वर्षं लपवलं ते वीस माणसांसमोर सांडलं होतं. तेवढ्यात मागच्या टेबलावरचा एक पिकल्या केसांचा कारकून पुढे आला.

"मेस्त्री म्हणजे... आगारातले लवू पेंटर का? मी लहानपणी घाटकोपरला राहायचो. बसच्या पाटीवरचा 'घ' बघून 'घ' शिकलो हो मी. शाळेतल्या बाईंचा घ मला कधी जमलाच नाही."

मेस्त्रींनी मान वर केली. "'घ'ला पोट पाहिजे," ते म्हणाले. आवाज घोगरा निघाला. "लोक नुसती रेघ मारतात."

निघताना त्यांनी मनालीकडून स्केचपेन आणि पुठ्ठा मागून घेतला. खाली उतरल्यावर लिफ्टच्या दारावर अनुस्वार आपल्या जागी बसलेली नवी पाटी होती.

संध्याकाळी मनालीने फोन करून डॉक्टरांना सगळं कळवलं असावं, कारण डॉक्टरांचाच फोन आला. ते शांत आवाजात बोलले, म्हणजे फार रागावले होते. "मेस्त्री, ही काही टॉर्च नाही. अशी बंद केलीत तर जिन्यावरून पडाल, गिळताना ठसका लागेल, आणि वाचून वाचणार किती? आठ-दहा दिवस. बॅटरी मी बदलून देईन. हाड मोडलं तर ते नवं देता येत नाही." या खेपेला शेवंतीबाईंनी फोन स्पीकरवर ठेवला होता, त्यामुळे मेस्त्रींना पूर्ण ऐकावं लागलं.

रविवारी सकाळी दोघं खाडी ओलांडून गोराईला गेले. शेवंतीबाईंच्या पिशवीत सेलचं अख्खं पाकीट होतं. किनाऱ्यावर होडी वाळूत तिरकी उभी होती, पांढरीशुभ्र. फादर संध्याकाळी येणार होते. अल्फान्सो तिच्याजवळ नवा शर्ट घालून उभा. आधी दोघं एकमेकांच्या पोटांवर बोलले, मग केसांवर.

मेस्त्रींनी खडू लावलेली दोरी ताणून ओळ आखली. निळा रंग ढवळला. मग ब्रश टेकला आणि हाताला रस्ता आठवला. 'आ'चा काना खाली उतरला, 'म'ची गाठ बसली, 'ची'ची वेलांटी मागून वळसा घालून आली. वारा सुटला तसं शेवंतीबाईंनी न सांगता छत्री उघडून आडवी धरली. अल्फान्सोने ते पाहिलं आणि समुद्राकडे तोंड केलं.

ग्रेसचं नाव मेस्त्रींनी मुद्दाम मोठं काढलं.

घरातून नितेशच्या बायकोने हाक मारली म्हणून शेवंतीबाई वाढायला मदत करायला गेल्या. मेस्त्री होडीच्या दुसऱ्या अंगाला वळले, कारण होडीला दोन अंगं असतात आणि नाव दोन्हीकडे लागतं. 'आमची ग्रे' झालं. तेव्हा मागे उभा असलेला अल्फान्सो म्हणाला, "लवू, शेवटचं एक अक्षर मी काढू?"

आयुष्यात मेस्त्रींनी आपला ब्रश कोणाच्या हातात दिला नव्हता. साहेबांच्या पोरालाही नाही. त्यांनी अल्फान्सोकडे पाहिलं आणि ब्रश दिला.

पंचवीस वर्षं बसचं स्टेअरिंग धरलेला तो हात लाकडाजवळ गेला आणि थरथरायला लागला. ब्रशमधून निळे थेंब वाळूत पडले.

"अरे, हलतोय," अल्फान्सो म्हणाला. "माझा हात का हलतोय रे?"

"हलू दे," मेस्त्री म्हणाले. त्यांनी आपल्या हाताने त्याचं मनगट धरलं. "श्वास सोड. घाई नाय कसली. आधी आडवं, आता खाली ये. हां. तसंच."

दोघांनी मिळून 'स' काढला. तो बाकीच्या अक्षरांच्या ओळीतून सुटला, मध्येच फुगला आणि खाली जाऊन एकीकडे कलला. मेस्त्रींच्या ब्रशमधून असं अक्षर कधी बाहेर पडलं नव्हतं. फडका खिशात होता, रंग ओला होता. त्यांनी फडक्याला हात लावला नाही.

शेवंतीबाई जेवायला बोलवायला आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. एकतीस वर्षं बसच्या पाट्या बघून त्यांचाही डोळा तयार झाला होता.

"ह्यो 'स' वाकडो झालो."

अल्फान्सोने मान खाली घातली.

"माझो हात हललो," लवू मेस्त्री म्हणाले.

शेवंतीबाईंनी त्यांच्या हाताकडे पाहिलं. मग अल्फान्सोच्या बोटांवरच्या निळ्या रंगाकडे पाहिलं.

"बरो दिसता," त्या म्हणाल्या. "चला, कालवण निवता."